फायलींची यादी करणारी स्क्रिप्ट: या चुका टाळा

फोल्डर वाचायचा, प्रत्येक फाइलची लिंक लिहायची, इंडेक्सचं पान तयार. पायथनच्या वीसेक ओळी, कॉलेज रोडवर मिसळ टेबलावर येईपर्यंत लिहून होतात. मग ‘टेस्ट१’, ‘टेस्ट२’ अशा दोन फायलींवर चालवून पाहतात आणि सर्व्हरवर चढवून मोकळे होतात. रडारड सुरू होते ती खरी नावं आल्यावर.

लासलगावच्या बाजारभावांचा फोल्डर घ्या. त्यात फाइल आहे ‘कांदा आवक & भाव #३.पीडीएफ’. नाव जसंच्या तसं एचरेफमध्ये (लिंकचा पत्ता जातो तिथे) कोंबलं तर लिंक झकास दिसते, दाबली की ४०४, म्हणजे ‘फाइल सापडली नाही’. # आणि त्यापुढचं ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, ती पानातली खूण समजतो. सर्व्हर बिचारा ‘कांदा आवक & भाव’ एवढंच शोधतो. मग कोणीतरी रिप्लेस लावून # चं %२३ (पत्त्यात # असं लिहितात) करतो. पुढच्या आठवड्यात नावात % येतो, त्यासाठी खाली आणखी एक रिप्लेस, आणि आधीच्या %२३ चं %२५२३ होऊन बसतं. हे धंदे नकोत. पायथनमध्ये तयार फंक्शनं आहेत: लिंकसाठी यूआरएललिब.पार्समधलं क्वोट, दिसणाऱ्या नावासाठी एचटीएमएल.एस्केप. एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका: एस्केप # ला हात लावत नाही, आणि दिसणाऱ्या नावाला क्वोट लावलं तर ‘नाशिक’ची ४५ अक्षरं होतात (५ चिन्हं, प्रत्येकी ३ बाइट, दर बाइटला % धरून ३ अक्षरं).

दुसरी चूक खास आपली. ‘शेतकऱ्यांची यादी’मधला ऱ युनिकोडमध्ये एकसंध असू शकतो, किंवा र आणि वेगळा नुक्ता (अक्षराखालचं टिंब). डोळ्यांना फरक शून्य. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलसिस्टम तो सुटा करून ठेवते. लिनक्स बाइट बघतो, त्याच्या लेखी ही दोन वेगळी नावं. म्हणून फाइलच्या नावावरून सीएसव्हीतून (साध्या मजकुरातल्या तक्त्यातून) शीर्षकं उचलणारी स्क्रिप्ट बाकी सगळ्यांना शीर्षक देते आणि नेमकं शेतकऱ्यांना कोरं सोडते. त्यावर सीएसव्ही पुन्हा टाइप करणं हा उपाय नव्हे. जुळवताना दोन्ही बाजू युनिकोडडेटाच्या नॉर्मलाइजमधून एनएफसी (एकसंध रूप) करून घ्या. लिंकमध्ये मात्र डिस्कवरचं नावच, बाइट न बाइट. तिथेही नॉर्मलाइज केलंत की पुन्हा ४०४.

एलएस या फायली दाखवणाऱ्या कमांडचं आउटपुट तोडून नावं काढू नका, त्यासाठी पायथनचं ओएस.स्कॅनडिर आहे.

टिंबाने सुरू होणाऱ्या फायली गाळा. पासवर्डची .ईएनव्ही यादीत झळकलेली पाहून मग धावपळ करण्यात अर्थ नाही. इंडेक्सने स्वतःलाही यादीत घेऊ नये.

विंडोजवर फाइल उघडणाऱ्या ओपनला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ स्पष्ट सांगा, आणि पानात तेच सांगणारा मेटा चार्सेट हेडच्या पहिल्याच ओळीत.

साध्या सॉर्टने ‘भाग १०’ हा ‘भाग २’च्या आधी येतो. आकडे वेगळे काढून इंट (पूर्णांक) करा, पायथनच्या इंटला देवनागरी आकडेही कळतात.

पान थेट लिहू नका. त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी ओएस.रिप्लेसने ते जुन्याच्या जागी आणा, म्हणजे स्क्रिप्ट मध्येच मेली तरी जुनं पान शाबूत.

चाचणीसाठी एक फोल्डर कायमचा ठेवा: नावात स्पेस, #, %, & आणि ऱ्या असलेल्या पाच रिकाम्या फायली. पायथनचा एचटीटीपी.सर्व्हर त्या फोल्डरातून चालवा आणि पाचही लिंका दाबा. पाचही.