रिबन बार ओळखताना आणि जपताना या चुका टाळा

सातारा जिल्ह्यात फौजीच्या घरातली जुनी ट्रंक उघडली, की पेन्शनचं पुस्तक, गणवेशातला एखादा फोटो आणि तळाशी डबीत एक रंगीत पट्टी निघते. हीच रिबन बार, म्हणजे मेडलांऐवजी गणवेशावर लावायची, त्यांच्या छोट्या फितींची ओळ. पहिल्या महायुद्धात ज्या अपशिंगे मिलिटरीचे ४६ जवान कामी आले, त्या गावात तर अशा ट्रंका किती असतील! मेडलं भावाभावांच्या वाटणीत जातात. चांदीची असली तर कधी सोनाराकडेही जातात. पट्टीला कुणी भाव देत नाही, म्हणून ती मागे राहते. मला मात्र तीच सगळ्यात मोलाची वाटते. मेडल सरकारकडून येतं, पण ही पट्टी त्या माणसाने स्वतः शिंप्याकडून शिवून घेतलेली असते, आपल्या छातीच्या मापाने, आपल्याला मिळालेल्या क्रमाने.

पट्टी कधीही उसवू नका. मी ही चूक केली आहे आणि तिची भरपाई होत नाही. कोरेगावकडच्या एका नात्यातल्या घरातून मला दोन ओळींचा रिबन बार मिळाला होता. घाम आणि धुळीने काळवंडलेला होता. फिती सुट्या करून धुतल्या तर उजळतील असं वाटलं. पाण्यात पडताच लाल रंग पांढऱ्या पट्ट्यात उतरला. त्याहून वाईट म्हणजे वरच्या फितींखाली बक्रमवर, म्हणजे आतल्या कडक कापडावर, आधीच्या टाक्यांची भोकं दिसली. जुनी एक ओळ होती, पुढे पदकं वाढली तेव्हा शिंप्याने तिच्यावरच नवी रचना बसवली होती. कुठली फीत आधीची आणि कुठली नंतरची, हे त्या दोऱ्यांवरून कळलं असतं. दोरे मी कात्रीने कापून फेकले होते.

म्हणून पट्टी हाती आली की आधी फोटो काढा, पुढून आणि मागून, शेजारी मोजपट्टी ठेवून. मागची बाजू जास्त बोलते. हाताचे टाके आहेत की मशीनचे, आत बक्रम आहे की पितळी पत्रा, पिन डाग दिलेली आहे की शिवलेली, गणवेशाच्या कापडाचा तुकडा चिकटलाय का, हे सगळं लिहून ठेवा. दोन फितींमधला दोरा वेगळ्या रंगाचा दिसला तर ती फीत बहुधा नंतर जोडलेली असते.

दुसरी चूक डाव्या-उजव्याची. सगळ्यात वरच्या मानाची फीत घालणाऱ्याच्या छातीच्या मध्याकडे, वरच्या ओळीत असते. म्हणजे समोरून बघणाऱ्याला ती डावीकडे दिसते. पट्टी उलटी धरली तर सगळा क्रम फिरतो. अशा वेळी दोन्ही बाजूंना सारख्या नसलेल्या फिती उपयोगी पडतात. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी आणि अर्धी केशरी, वीर चक्राची अर्धी गडद निळी आणि अर्धी केशरी. दोन्हींत केशरी बाजू डाव्या खांद्याकडे असते. दुसऱ्या महायुद्धाच्या १९३९-४५ स्टार या ब्रिटिश पदकाच्या फितीत गडद निळा, लाल आणि आकाशी असे तीन सारखे पट्टे असतात, आणि गडद निळा छातीच्या मध्याकडे येतो. अशा सगळ्याच फिती उलट दिसल्या तर तुम्ही पट्टी उलटी धरली आहे. एकच उलट दिसली तर ती शिंप्याची चूक असेल, नाहीतर ती फीत मागाहून कुणीतरी घातली असेल.

क्रम म्हणजे तारखांची यादी, असं समजू नका. स्वतंत्र भारताची पदकं आधी लागतात, ब्रिटिश काळातली त्यांच्यानंतर. सॅम माणेकशॉ यांना मिलिटरी क्रॉस हे ब्रिटिश शौर्यपदक १९४२ मध्ये ब्रह्मदेशच्या लढाईत मिळाला, तरी पुढे त्यांच्या पट्टीत ते भारतीय पदकांच्या मागे गेलं. बर्मा स्टार हे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश पदक शेवटच्या ओळीत दिसलं म्हणून पट्टी चुकीची आहे, असा निकाल अनेकजण देतात. तो घाईचा असतो.

रंगांनी फसायला होतं ते वेगळंच. शौर्य चक्र आणि कीर्ती चक्र दोन्ही हिरवे. कीर्ती चक्राला दोन केशरी रेघा, शौर्य चक्राला तीन. परम विशिष्ट, अति विशिष्ट आणि विशिष्ट सेवा पदक तिन्ही पिवळे, निळ्या रेघा अनुक्रमे एक, दोन, तीन. रंग उडालेल्या फितीत एक रेघ दिसेनाशी झाली की पदकच बदलतं. यावर उपाय सोपा आहे. फितीचं टोक मागे दुमडलेलं असतं, तिथे ऊन पोचत नाही. पट्टी न उसवता भिंगाने ती घडी बघा, मूळ रंग तिथे सापडतो.

काही वेळा फीतच एक आणि पदकं दोन असतात. पहिल्या महायुद्धाची १९१४ चा स्टार आणि १९१४-१५ चा स्टार ही दोन पदकं, दोघांची फीत एकच. १९१४ च्या स्टारवर क्लॅस्प, म्हणजे मेडलच्या फितीवर बसवायची धातूची आडवी चीप, मिळाला असेल तर फितीवर चांदीचं छोटं फूल लागतं. ते गळून पडलं असेल तर खूण म्हणून भोकं शोधा. भोकंही नसतील तर 'दोनपैकी एक' असं लिहून थांबा. खात्री नसताना नाव देऊन टाकलं की ते नाव घराण्यात खरं म्हणून चालू राहतं.

काळ ठरवायला सर्वसामान्य पदकं सगळ्यात कामाची, आणि लोक नेमकी तीच दुर्लक्षित करतात. रक्षा मेडल १९६५ चं, संग्राम मेडल १९७१ चं. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं पदक १९७२ चं, पन्नासाव्याचं १९९७ चं. पट्टीत पंचविसावं आहे आणि पन्नासावं नाही, तर तो जवान १९९७ पूर्वी घरी आला असावा, किंवा पट्टी त्याआधीच शिवलेली असावी. ९ वर्षांचं आणि २० वर्षांचं दीर्घ सेवा पदक दोन्ही असतील तर नोकरीची लांबीही कळते.

जुन्या काळ्या-पांढऱ्या फोटोवरून फीत ओळखताना सांभाळा. त्या काळातल्या बऱ्याच फिल्मला लाल रंग दिसत नसे. लाल काळा येई आणि निळा फिकट. त्यामुळे फोटोतला काळा पट्टा खरोखर काळा असेलच असं नाही. कोटाची बटणंही बघा. पुरुषाच्या कोटाची डावी बाजू वर असते. उजवी वर दिसली तर फोटो उलटा छापलाय.

विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार एकाच माणसाला दिले जात नसत. दुसऱ्याऐवजी पहिल्यावरच क्लॅस्प मिळे. दोन्ही फिती एका पट्टीत दिसल्या तर ती कुणीतरी जुळवलेली आहे. रुंदीही मोजा. आपल्या आणि ब्रिटिश बहुतेक फिती ३२ मिलिमीटरच्या, अमेरिकन ३५ च्या. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली पांढरा पट्टा चमकला तर धागा अलीकडचा असू शकतो. पण एवढ्यावर पट्टी खोटी ठरवू नका, कारण कपडे धुण्याच्या पावडरीतही चमक आणणारं द्रव्य असतं. एखाद्या माउलीने नवऱ्याचा गणवेश पट्टीसकट धुतला असेल, तर खरी फीतही चमकेल.

पावसाळ्यात साताऱ्याची हवा फितीची वैरी. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडलं की बुरशी धरते, पितळेवर हिरवट थर चढतो आणि तो कापडात उतरतो. आम्लरहित कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. डांबरगोळ्या फितीला लागून ठेवू नका. भिंतीवर लावायची हौस असेल तर पट्टीचा फोटो फ्रेम करा, उन्हात रंग झपाट्याने जातो.

ब्रिटिश काळातल्या बहुतेक मेडलांच्या कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. फितीवर काहीच नसतं. पट्टी आणि माणूस यांची गाठ फक्त घरच्यांच्या आठवणीत असते. त्या कोरेगावच्या घरातल्या आजींनी मला त्यांच्या दिरांचं नाव, पलटण आणि कुठल्या साली ते घरी आले, हे पाच मिनिटांत सांगितलं होतं. मी ते लिहून घेतलं नाही. पुन्हा गेलो तेव्हा आजी नव्हत्या. आता मी पट्टी हातात घेण्याआधी वही काढतो. नाव, गाव, पलटण, सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख पेन्सिलने कागदावर लिहून तो कागद डब्यात पट्टीखालीच ठेवतो.