विकिपीडियावर चरित्रलेख लिहिताय? नाव आणि संदर्भांच्या या चुका टाळा

मराठी विकिपीडियावर चरित्रलेख सुरू करणारे बरेचजण आधी शीर्षक टाकतात, मग मजकूर लिहितात आणि सगळ्यात शेवटी त्या मजकुराला जोडायला संदर्भ शोधत बसतात. चर्चा पानांवरचे नावाचे वाद बहुधा या उलट्या क्रमातूनच उभे राहतात. लेखाला नाव काय द्यायचे हे आपल्या आवडीने ठरत नाही, संदर्भ ठरवतात. म्हणून आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या आपल्या कच्च्या पानावर) चार-पाच स्वतंत्र संदर्भांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ती व्यक्ती तिथे कोणत्या नावाने आली आहे ते जसेच्या तसे लिहा. जे नाव सर्वाधिक वेळा येईल ते शीर्षक, उरलेली सगळी पुनर्निर्देशने, म्हणजे त्या नावांनी शोधणाऱ्याला मूळ लेखाकडे वळवणारी पाने.

‘खऱ्या नावा’चा हट्ट

कुसुमाग्रजांचे जन्मनाव गजानन रंगनाथ शिरवाडकर. काकांकडे दत्तक गेल्यावर ते विष्णु वामन झाले. कविता त्यांनी ‘कुसुमाग्रज’ या नावाने लिहिली, नाटके वि. वा. शिरवाडकर या नावाने. यातले कोणते ‘खरे’, हा प्रश्नच चुकीचा आहे. इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, कुणीतरी जन्मनावाचा शोध लागल्याच्या आनंदात शीर्षकच बदलून टाकतो. तसेच करायचे तर टिळकांचा लेखही ‘केशव गंगाधर’ असा करावा लागेल, कारण त्यांचे पाळण्यातले नाव केशव होते! दुसरी चूक जास्त त्रासाची: कवी म्हणून एक लेख आणि नाटककार म्हणून दुसरा. लेख एकच ठेवा. पहिल्या वाक्यात रूढ नाव, ‘ऊर्फ’ने टोपणनाव आणि कंसात जन्मनाव द्या. जन्मनावाला मात्र वेगळा संदर्भ जोडा, कारण पुढे शंका त्यावरच घेतली जाते.

स्त्रियांच्या लेखांत हा गुंता वाढतो. मालती बेडेकर माहेरच्या बाळूताई खरे, आणि १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते विभावरी शिरूरकर या नावावर. तीनही नावांनी वाचक शोध घेणार, त्यामुळे तीनही नावे चालू हवीत. लग्नाची बातमी आली की लगेच लेखाचे स्थानांतर (शीर्षकबदल) करू नका. लग्नानंतरच्या कामावर नवे नाव छापले जाऊ लागले आणि संदर्भही तेच वापरू लागले, तरच बदला. पतीचे किंवा वडिलांचे नाव संदर्भात नसेल तर ‘पूर्ण नाव हवे’ म्हणून ते मध्ये घुसवू नका. पुनर्निर्देशन करतानाही थांबून पाहा. ‘आनंदी गोपाळ’ हे शब्द सरळ आनंदीबाई जोशी यांच्या लेखाकडे वळवले, तर त्याच नावाची श्री. ज. जोशी यांची कादंबरी आणि २०१९ चा चित्रपट शोधणारा वाचक चुकीच्या दारात जातो. तिथे निःसंदिग्धीकरण पान, म्हणजे त्या नावाच्या सगळ्या लेखांची यादी देणारे पान, लागते.

पदव्या आणि आदर

शीर्षकात डॉ., प्रा., श्री., साहेब, गुरुजी नको. ‘पद्मश्री अमुक तमुक’ तर विकिपीडियाबाहेरही चालत नाही: पद्म पुरस्कार ही पदवी नाही, ती नावाच्या मागेपुढे लावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. जिथे आदराचा शब्द नावातच मुरला आहे तिथे हा नियम ताणू नका. गाडगे महाराजांना त्यांच्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर या नावाने कोण शोधणार?

दिसायला एक, पण पान वेगळे

‘लेख आहे, पण शोधात सापडत नाही’ ही तक्रार आली की आधी अक्षरे तपासा. ‘गोऱ्हे’सारख्या आडनावातला ऱ्ह दोन प्रकारे टंकता येतो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ती दोन वेगळी शीर्षके वाटतात. ‘ॲ’चेही तेच: एकसंध ‘ॲ’ आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला. दोन्ही ठिकाणी एकसंध अक्षराचे शीर्षक ठेवा, दुसऱ्या रूपाचे पुनर्निर्देशन करा.

आद्याक्षरांमधल्या मोकळ्या जागेनेही वेगळे पान तयार होते. ‘वि. वा. शिरवाडकर’, ‘वि.वा. शिरवाडकर’ आणि ‘वि.वा.शिरवाडकर’ ही तीन पाने आहेत. ‘विष्णु’ की ‘विष्णू’ हा वाद तर न संपणारा. शुद्धलेखनाच्या नियमाप्रमाणे व्यक्तिनामातला शेवटचा इकार-उकार दीर्घ, पण जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर ऱ्हस्व रूपे सर्रास दिसतात. व्यक्तीच्या हयातीत तिच्या पुस्तकांवर जे रूप छापले गेले ते शीर्षकात ठेवा आणि दुसरे वळवून द्या.

नाव बदलायचे ठरले तर ‘स्थानांतर’ हीच सोय वापरा. मजकूर उचलून नव्या पानावर चिकटवला की कोणी काय लिहिले याचा इतिहास जुन्या पानावरच अडकतो. स्थानांतरानंतर ‘येथे काय जोडले आहे’ (पानाकडे येणाऱ्या दुव्यांची यादी) पाहून दुहेरी पुनर्निर्देशने, म्हणजे एका पुनर्निर्देशनाकडे नेणारी दुसरी, सरळ करा. वर्गवारीची कळ (वर्गाच्या यादीत लेख कोणत्या अक्षराखाली लागेल ते ठरवणारा शब्द) मात्र आडनावापासून द्या, नाहीतर वर्गात शिरवाडकर ‘व’खाली जाऊन बसतात.

संदर्भ: संख्येने नव्हे, वजनाने

उल्लेखनीयता, म्हणजे व्यक्तीवर स्वतंत्र लेख असावा की नाही, ठरते ती व्यक्तीशी संबंध नसलेल्या कुणीतरी तिच्याबद्दल सविस्तर लिहिले आहे का, यावर. स्वतःचे संकेतस्थळ, मलपृष्ठावरचा परिचय, एकसष्टीची गौरविका, संस्थेची स्मरणिका आणि मुलाखत यांतून उल्लेखनीयता सिद्ध होत नाही. गौरविका पूर्ण टाकाऊ नसते. गाव, शाळा, नोकरीची वर्षे यांसाठी ती चालते, ‘थोर विचारवंत’ या विशेषणासाठी नाही. आत्मचरित्रही तसेच वापरा: बालपणासाठी उपयोगी, स्वतःच्या कर्तृत्वाच्या मापासाठी निरुपयोगी.

सर्वांत कपटी चूक म्हणजे वर्तुळी संदर्भ. विकिपीडियावर कुणीतरी बिनसंदर्भ जन्मवर्ष टाकतो, जयंतीच्या दिवशी एखादे वृत्तपत्र तेच उचलते आणि मग ती बातमीच लेखाला ‘संदर्भ’ म्हणून जोडली जाते. पानाच्या इतिहासात ते वर्ष कधी आले ते पाहा. बातमी त्यानंतरची असेल तर तिला पुरावा मानू नका. मराठी विश्वकोश किंवा चित्रावशास्त्रींचा चरित्रकोश यांच्याशी ताडून घ्या. तिथेही नसेल तर वर्ष काढा, किंवा निदान ‘संदर्भ हवा’ ही खूण लावा. व्यक्ती हयात असेल तर वादग्रस्त मजकुराला ही सवलत नाही, तो लगेच काढायचा.

वृत्तपत्राचा नुसता दुवा देऊन थांबू नका. ई-पेपरचे दुवे लवकर मरतात, आणि पुणे आवृत्तीतली बातमी मुंबई आवृत्तीत असेलच असे नाही. वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पृष्ठ आणि मथळा एवढे लिहिले की दुवा मेला तरी ग्रंथालयात अंक काढता येतो. दुवा देताना त्याच दिवशी वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) त्याची प्रत जतन करा. पुस्तकाचा संदर्भ पृष्ठ क्रमांकाशिवाय देणे म्हणजे ‘गावात कुठेतरी राहतात’ असा पत्ता देणे.

तारखांचा घोळ

‘वयाच्या ७८ व्या वर्षी निधन’ या बातमीतून वजाबाकी करून जन्मवर्ष काढू नका. मार्च २०१५ मध्ये वय ७८ असेल तर जन्म १९३६ चाही असू शकतो आणि १९३७ चाही. शिवाय बातमीतले ७८ हे पूर्ण झालेले की चालू, हा प्रश्न वेगळाच.

शकावरून इसवी सन काढताना सरसकट ७८ मिळवणे ही जुनी चूक. शक बदलतो चैत्रात, इसवी सन जानेवारीत. त्यामुळे चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८, माघ-फाल्गुनात ७९. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष यांच्यासाठी जुने पंचांग उघडण्यावाचून गत्यंतर नाही. शिवजन्माच्या दोन मतांतच दोन्ही बेरजा सापडतात: वैशाख शके १५४९ म्हणजे १६२७, पण फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१ म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. हा १९ फेब्रुवारी ज्युलियन पंचांगातला आहे, ग्रेगोरियनमध्ये तोच दिवस १ मार्च येतो. सतराव्या शतकातल्या व्यक्तीच्या माहितीचौकटीत (लेखाच्या बाजूला ठळक माहिती देणाऱ्या चौकटीत) तारीख टाकताना कोणते पंचांग ते लिहाच, नाहीतर कुणीतरी दहा दिवसांची ‘दुरुस्ती’ करून जातो.

दोन चांगले संदर्भ दोन वेगळ्या तारखा देत असतील तर त्यातली एक स्वतः निवडू नका. केशवसुतांच्या जन्माच्या १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा छापील साहित्यात आहेत. माहितीचौकटीत नुसते १८६६ लिहा, मजकुरात दोन्ही तारखा आपापल्या संदर्भासह द्या आणि चर्चा पानावर कारणाची एक ओळ टाका, म्हणजे पुढचा संपादक त्यातली एक तारीख ‘चूक’ समजून पुसणार नाही.