पीएचपीचं पान कोरं दिसतंय? आधी लॉग उघडा

पीएचपी या वेब-प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिलेलं पान पांढरंफटक आलं की बरेच जण थेट कोडमध्ये हात घालतात. तसं करू नका. लाइव्ह सर्व्हरवर एरर स्क्रीनवर दाखवणं सहसा बंद असतं (आणि ते बंदच असावं), त्यामुळे खरी तक्रार एरर लॉगमध्ये, म्हणजे चुकांची नोंद होते त्या फाइलमध्ये, पडलेली असते. टर्मिनलवर लॉगची फाइल उघडी ठेवा, पान रिफ्रेश करा आणि नुकतीच आलेली ओळ वाचा. फाइलचं नाव, ओळ क्रमांक, सगळं तिथेच मिळतं.

‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ हा इशारा देवनागरी मजकुराच्या फाइलींत जरा जास्तच छळतो. कुकी किंवा रीडायरेक्टच्या आधीच काहीतरी ब्राउझरकडे निघून गेलेलं असतं. ‘आउटपुट स्टार्टेड अ‍ॅट’ या शब्दांपुढे जी फाइल दिलेली असते, दोष तिच्यात शोधा. ओळ क्रमांक 1 असेल आणि डोळ्यांना काहीच दिसत नसेल, तर बीओएमचा संशय घ्या: फाइलच्या सुरुवातीचे 3 अदृश्य बाइट. विंडोजचं 2019 आधीचं नोटपॅड यूटीएफ-8 मध्ये (देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत) सेव्ह करताना ते चिकटवायचंच. यूटीएफ-8 हवंच, पण बीओएमशिवाय.

टेम्प्लेटचं, म्हणजे पानाच्या साच्याचं म्हणाल तर चार-पाच पानांच्या साइटला साधं पीएचपी पुरतं. फक्त बाहेरून आलेला मजकूर छापताना एस्केप करायचं (म्हणजे त्यातली खास चिन्हं कोड म्हणून चालणार नाहीत अशी बदलायची) आपणच लक्षात ठेवायचं. अनेकांचे हात लागणार असतील तर मी ट्विग हे पीएचपीचं टेम्प्लेट साधन घेईन, कारण एचटीएमएल एस्केपिंग ते आपणहून करतं. स्मार्टी या तशाच दुसऱ्या साधनात त्याचं सेटिंग चालू करावं लागतं. ट्विगमध्ये केलेला बदल पानावर दिसेना, तर कॅशेचं (आधी तयार करून ठेवलेल्या टेम्प्लेटांचं) फोल्डर रिकामं करून बघा.