स्रवणारे प्रथिन मेदपेशी घडवते की रोखते, हे कसे तपासावे

पेशींनी बाहेर सोडलेले एखादे प्रथिन मेदपेशींच्या घडणीत हस्तक्षेप करते का, हे पाहण्यासाठी उंदराच्या ३टी३-एल१ या पूर्वमेदपेशी (ज्यांपासून पुढे मेदपेशी घडतात) सोयीच्या ठरतात. हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या १९७० च्या दशकात वेगळ्या केल्या. त्या वाढवताना प्लेट सुमारे ७० टक्के भरताच विभागून घ्याव्यात, कारण वारंवार दाटी झालेल्या पेशी मेदपेशी होण्याची क्षमता गमावत जातात. प्रयोगाच्या प्लेटमध्ये मात्र त्या पूर्ण दाटू द्याव्यात, तशाच दोन दिवस ठेवाव्यात आणि मग ०.५ मिलिमोलर आयबीएमएक्स, १ मायक्रोमोलर डेक्सामेथासोन व दर मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम इन्सुलिन असलेले माध्यम, म्हणजे पेशी वाढवण्याचे पोषक द्रावण, द्यावे; या तिन्हींच्या मिश्रणाने मेदपेशींची घडण सुरू होते. हा शून्यावा दिवस. त्यानंतर दोन दिवसांनी फक्त इन्सुलिनयुक्त आणि चौथ्या दिवसापासून साधे सीरमयुक्त माध्यम द्यावे. आठव्या दिवसापर्यंत लांबट पेशी गोल होतात आणि त्यांत मेदाच्या थेंबांचे चकाकणारे घोस दिसू लागतात. आता त्या तळापासून सहज सुटतात, म्हणून पिपेटचे टोक कडेला टेकवून धार सावकाश सोडावी.

प्रथिन केव्हा द्यावे, यावर सारे अवलंबून आहे. एका संचाला ते फक्त पहिले दोन दिवस, दुसऱ्याला त्यानंतर आठव्या दिवसापर्यंत आणि तिसऱ्याला पेशी पूर्ण घडल्यावरच द्यावे. टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे प्रथिन सुरुवातीला दिले तर पीपीएआर-गॅमा, म्हणजे मेदपेशींची घडण चालवणारे मुख्य नियामक प्रथिन, वाढत नाही आणि मेदपेशी घडतच नाहीत; तेच तयार मेदपेशींना दिले तर साठलेल्या मेदाचे विघटन वाढते. मेदाला रंगवणाऱ्या ऑइल रेड ओ चा लाल रंग दोन्ही वेळा कमीच दिसतो, पण अर्थ अगदी वेगळे असतात. म्हणूनच केवळ रंगावरून निष्कर्ष काढण्याची घाई मला फार घातक वाटते. रंगासोबत पीपीएआर-गॅमा, सी/ईबीपी-अल्फा आणि एफएबीपी४ या मेदपेशी घडल्याची खूण असलेल्या प्रथिनांचे प्रमाण मोजावेच.

तुलनेसाठी एका संचाला प्रथिन ज्यात विरघळवले तेच द्रावण प्रथिनाविना द्यावे आणि दुसऱ्याला उकळून निष्क्रिय केलेले प्रथिन. हा दुसरा संच कुणी गाळू नये. ई. कोलाय जीवाणूंत बनवलेल्या प्रथिनात त्यांच्या आवरणातले एंडोटॉक्सिन हे विषारी द्रव्य राहू शकते आणि तेही मेदपेशींची घडण रोखते. उकळल्याने बहुतेक प्रथिने निकामी होतात, एंडोटॉक्सिन मात्र टिकते. तेव्हा उकळलेला नमुनाही तितकाच परिणाम दाखवू लागला, तर संशय प्रथिनावर नव्हे, त्याच्या शुद्धतेवर घ्यावा.

चयापचयाच्या चाचणीसाठी तयार मेदपेशींच्या माध्यमातून आधी इन्सुलिन काढून टाकावे, कारण ते मेदाचे विघटन दाबून ठेवते. मग सीरमविरहित, पण मेदाम्लमुक्त अल्ब्युमिन हे प्रथिन असलेल्या माध्यमात पेशी ठेवून, मेदाच्या विघटनातून त्यात उतरलेले ग्लिसरॉल मोजावे. एका संचाला मेदाचे विघटन वाढवणारे आयसोप्रोटेरेनॉल हे औषध द्यावे. तिथेही ग्लिसरॉल वाढले नाही, तर दोष चाचणीचा समजून त्या दिवसाचे आकडे बाजूला ठेवावेत.