आखाजीला एकदा, दिवाळीला एकदा

अमळनेरला माझं चष्म्याचं दुकान आहे. काउंटरवर ठरलेला प्रश्न : "भाऊ, पोरना नंबर कवय उतरी?" म्हणजे पोराच्या चष्म्याचा नंबर कधी उतरणार?

उतरत नाही. डोळ्याचा गोळा मागे लांबतो म्हणून मायनस नंबर येतो. एक मिलिमीटर लांबला की साधारण अडीच नंबर. लांबलेला डोळा गाजरानं आखडत नाही. लांबण्याचा वेग तेवढा कमी करता येतो.

आधी माझी चूक ऐका. थोरलीला तिसरीत मायनस दीड निघाला. पूर्ण दिला तर डोळा आळशी होईल, म्हणून मीच पाऊण कमी करून काचा बसवल्या. मलेशियात मुलांवर हेच करून पाहिलं होतं, २००२ मध्ये निकाल छापून आला : दोन वर्षांत पूर्ण नंबरवाल्यांचा पाऊण वाढला, कमीवाल्यांचा एक. मला ते कळलं तेव्हा पोरगी अडीचवर होती. तेव्हा नंबर पूर्णच द्या. आणि तो डोळ्यांच्या डॉक्टरांकडून ड्रॉप टाकून काढलेला हवा. नुसत्या मशीनवर मुलांचा मायनस जास्त दिसतो.

मग ऊन. रोज दोन तास बाहेर. ज्याला अजून नंबर नाही त्या धाकट्याला याचा फायदा सगळ्यात जास्त. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप टाकून बघा. माझ्या काउंटरवर ट्यूबखाली तीनशे लक्स भरतो, समोरच्या निंबाच्या सावलीत काही हजार. म्हणजे सावलीही चालते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो, दुपारी कोण पोराला बाहेर काढणार? सकाळी सात ते आठ, संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा. टोपी घालू द्या. खेळ कुठलाही. क्लास संध्याकाळचा असेल तर वेळ बदलून मागा. मी मागितली, मिळाली.

वाचताना मूठ गालाला, कोपर पुस्तकाला, एवढं अंतर. मोबाइल याहून जवळ येतो, म्हणून कार्टून टीव्हीवर. अर्ध्या तासानं उठून खिडकीबाहेर बघायचं.

एवढं करूनही नंबर वर्षात अर्ध्याहून जास्त वाढला, तर डॉक्टरांना कमी ताकदीच्या ॲट्रोपिनच्या ड्रॉपबद्दल विचारा. ०.०१ ते ०.०५ टक्के, रात्री एक थेंब. उजेड टोचू शकतो. मनानं सुरू करू नका, मनानं बंदही नको. एकदम सोडलं तर नंबर उसळू शकतो. नंबरचा वेग कमी करणाऱ्या खास काचाही मिळतात. साध्या काचेच्या कितीतरी पट महाग. त्या दिवसभर घालणार असेल तरच घ्या, दप्तरात ठेवायला नको.

तपासणी सहा महिन्यांनी. तारीख कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून मी सांगतो : आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला एकदा, दिवाळीला एकदा. लेकी माहेरी येतात, झोका बांधतात, तेव्हा नातवंडांनाही दुकानात आणतात. वहीत थोरलीच्या नावापुढे मागच्या आखाजीला पावणेतीन आहे. दिवाळीलाही पावणेतीनच.