निबंध अडला की आधी बोलायला लावा

‘माझी सहल’ लिहायला बसवलं की तिसरीतलं पोरगं दोन ओळींत मोकळं होतं: ‘आम्ही ठाण्याच्या तलावपाळीला गेलो. खूप मजा आली.’ पुढे पेन्सिल चावणं. तेच पोरगं जेवताना मात्र अर्धा तास त्याच सहलीबद्दल बडबडतं! ती बडबडच वापरायची.

१. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि ‘मला सांग ना’ म्हणा. तीन मिनिटं पुरेत.

२. मध्ये फक्त बारीक प्रश्न टाका. ‘मजा आली’ म्हणाला की ‘म्हणजे नेमकं काय झालं?’ आमच्याकडे यावर उत्तर आलं, ‘पॅडल मारून पाय दुखले, आणि बोट गोल गोलच फिरत होती. बाबा ओरडत होते, उजवीकडे, उजवीकडे!’ झाली की निबंधाची सुरुवात.

३. आता रेकॉर्डिंग थांबवत थांबवत ऐकून त्यानेच वहीत उतरवायचं. ‘मग ना’, ‘ते हे’ गाळायचं, बाकी शब्द त्याचेच.

नवी मुंबईत सीवूड्सच्या खाडीवर फ्लेमिंगो पक्षी बघून आलात तर घरी पोचायची वाट बघू नका, परतीच्या लोकलमध्येच रेकॉर्ड करा. गोंगाट येतो, येऊ दे.

एक पथ्य: त्या दिवशी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नका. लाल पेन दुसऱ्या दिवशी, तेही दोन-तीन चुकांपुरतं. आणि ‘पाय दुखले’ खोडून ‘निसर्गरम्य परिसर’ घालायचा मोह तुम्हालाच होईल, तो आवरा.