"हे खरे आहे काय?" : मंत्र्यांना टाळता येणार नाही असा प्रश्न कसा लिहावा

गावाकडच्या रस्त्यावर विधानसभेत प्रश्न लागला की मंत्री स्वतः बसून त्याचे उत्तर लिहितात, असा समज सर्रास असतो. प्रत्यक्षात प्रश्न विधिमंडळ सचिवालयातून मंत्रालयातल्या संबंधित विभागाच्या कार्यासनावर (त्या विषयाची फाईल हाताळणाऱ्या टेबलावर) जातो. तिथून तो अधीक्षक अभियंत्याकडे, मग कार्यकारी अभियंत्याकडे आणि शेवटी उपविभागात पोहोचतो. उत्तराचा पहिला मसुदा तिथे तयार होतो. म्हणजे बहुतेक वेळा ज्याने त्या कामाची मापे नोंदवली, त्याच्याच टेबलावर. तो मसुदा पुन्हा वर चढतो, प्रत्येक सहीबरोबर थोडा गुळगुळीत होतो आणि छापील यादीत उतरतो तो असा : "(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही."

आमदारांचे स्वीय सहायक, कार्यकर्ते आणि आमदाराकडे कागद घेऊन जाणारे नागरिक यांनी हा प्रवास डोळ्यांपुढे ठेवून प्रश्न लिहावा. उपविभागातल्या माणसाला मत मागितले तर तो मतच देईल. तारीख आणि जावक क्रमांक मागितला तर त्याला फाईल उघडावी लागते.

नेहमीचा साचा आणि तो कुठे तुटतो

महाराष्ट्र विधिमंडळातल्या प्रश्नाची सुरुवात ठरलेली : "सन्माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :-". त्याखाली बहुतेक जण हे लिहितात :

(१) अ ते ब या रस्त्याचे काम अत्यंत निकृष्ट दर्जाचे करून अधिकारी व ठेकेदार यांनी संगनमताने कोट्यवधी रुपयांचा भ्रष्टाचार केल्याचे माहे मे, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय ?
(२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय ?
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार दोषींवर कोणती कारवाई केली ?
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

यात एकच गोष्ट शहाणपणाची आहे, ती म्हणजे "वा त्यादरम्यान". हे शब्द नसतील तर प्रकार मेमध्ये नव्हे, जूनच्या पहिल्या आठवड्यात उघड झाला एवढ्या आधारावर विभाग "हे खरे नाही" लिहून मोकळा होतो. ते शब्द गाळू नका.

बाकी सगळा साचा स्वतःच्या पायावर धोंडा आहे. पहिल्या भागात तीन दावे एका दोरीत बांधलेत : निकृष्ट काम, संगनमत आणि भ्रष्टाचार. खड्डे सगळ्या तालुक्याने पाहिले असतील, पण संगनमत सिद्ध झालेले नसते. मग उत्तर "हे खरे नाही" किंवा फार तर "अंशतः खरे आहे". पुढचे तिन्ही भाग "असल्यास", "नसल्यास" करत पहिल्याच्याच खुंटीला टांगलेले असतात. खुंटी निघाली की सगळे खाली.

तोच प्रश्न असा लिहिता येतो :

(१) अ ते ब या रस्त्याच्या सुधारणेच्या कामाचा कार्यारंभ आदेश कोणत्या दिनांकास देण्यात आला, काम पूर्ण करण्याची मूळ मुदत काय होती व त्यास किती वेळा, कोणत्या कारणास्तव मुदतवाढ देण्यात आली ?
(२) या कामापोटी आजमितीस किती देयके व एकूण किती रक्कम अदा करण्यात आली ?
(३) कामाच्या गुणनियंत्रण चाचण्या कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या दिनांकास करण्यात आल्या व किती नमुने निकषांनुसार आढळले नाहीत ?
(४) रस्त्याच्या दुरवस्थेबाबतचे ग्रामपंचायतीचे निवेदन कार्यकारी अभियंता यांना माहे जून, २०२५ मध्ये वा त्यादरम्यान प्राप्त झाले, हे खरे आहे काय ?
(५) कामाचा दोष दायित्व कालावधी कोणत्या दिनांकास संपतो व त्याअंतर्गत दुरुस्ती करण्याबाबत ठेकेदारास कधी लेखी कळविण्यात आले ?

यातला प्रत्येक भाग आपल्या पायावर उभा आहे. "खरे आहे काय" एकदाच आले आहे, आणि तेही अशा गोष्टीसाठी जिची पोच तुमच्या हातात आहे. पाचवा भाग सगळ्यांत कामाचा, आणि तोच सहसा कुणी विचारत नाही. दोष दायित्व कालावधीत पडलेला खड्डा ठेकेदाराने पदरमोड करून बुजवायचा असतो. तो संपला की अनामत रक्कम परत जाते आणि पुढची दुरुस्ती सरकारी पैशाने होते. म्हणून कालावधी संपायच्या आत येणारे अधिवेशन गाठावे. "भ्रष्टाचार" हा शब्द प्रश्नात नसला तरी चालतो. अदा केलेली रक्कम आणि नापास नमुने शेजारी शेजारी छापून आले की तो वाचणाऱ्याला दिसतोच.

कागद आधी, प्रश्न नंतर

रस्त्याच्या कामाला इतके कागद जवळ हवेत : प्रशासकीय मान्यतेचा आदेश, तांत्रिक मान्यता, निविदा सूचना, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि चाचणी अहवाल. माहिती अधिकारात अर्जाला १० रुपये आणि प्रतीला पानामागे २ रुपये लागतात. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात नुसत्या प्रती न मागता फाईलचे अवलोकनही मागा, कारण नेमके कोणते पान हवे ते फाईल चाळल्यावरच कळते. मोजमाप पुस्तिकेत डांबरी थराची जाडी ५० मिमी. नोंदवलेली आणि रस्त्यातून कोअर (थराचा कापून काढलेला नमुना) काढल्यावर ३५ मिमी. भरलेली, अशी एक ओळ सापडली तर त्यापुढे दहा निवेदने फिकी पडतात.

वेळेचे गणित इथेच चुकते. प्रश्नांच्या सूचना अधिवेशन सुरू होण्याच्या कित्येक आठवडे आधी द्याव्या लागतात. तारखा विधिमंडळाच्या पत्रक भाग दोनमध्ये जाहीर होतात. त्यात माहिती अधिकाराचे ३० दिवस आणि पहिल्या अपिलाचा महिना-दीड महिना धरा. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनासाठी कागद हवे असतील तर अर्ज गणपतीत पडला पाहिजे, दिवाळीत नव्हे.

मंत्री चुकला की महिना गेला

रस्ता कोणाचा हे आधी पक्के करा. साधारणपणे ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणून प्रश्न ग्रामविकास मंत्र्यांना. प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामाकडे. शहरातला रस्ता असेल तर नगर विकास. नळयोजना पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाची, मोठे धरण जलसंपदाचे, गावतळे बहुधा मृद व जलसंधारणाचे. चुकीच्या विभागाकडे गेलेला प्रश्न योग्य विभागाकडे वर्ग होईपर्यंत त्या विभागाचा उत्तरे देण्याचा ठरलेला दिवस निघून गेलेला असतो.

राष्ट्रीय महामार्ग असेल तर आमदाराला सोडा, खासदाराला गाठा. लोकसभेत किमान १५ पूर्ण दिवसांची सूचना लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. दिवसाच्या यादीत २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न असतात. कोणते प्रश्न आधी घ्यायचे हे शलाकेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून ठरते आणि तासाभरात प्रत्यक्ष तोंडी चर्चा जेमतेम चार-पाच प्रश्नांवर होते.

आणखी एक साधी अडचण : तुमचे आमदारच मंत्री असले तर ते प्रश्न विचारू शकत नाहीत. अशा वेळी शेजारच्या मतदारसंघाचे आमदार किंवा विधान परिषदेचे सदस्य पाहावेत. परिषदेतले पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांचे सदस्य अनेक जिल्ह्यांचे मिळून असतात, त्यांच्याकडे जायला लोक उगाच कचरतात.

प्रश्न नामंजूर का होतो

मत मागितले, "असे झाले तर" म्हणून विचारले, विशेषणे आणि आरोप भरले, एकाच प्रश्नात रस्ता, पाणी आणि शाळा कोंबली, त्याच अधिवेशनात उत्तर दिलेले पुन्हा विचारले, की प्रश्न कटतो. न्यायालयात असलेल्या विषयाचे जरा बारकाईने पाहावे. उच्च न्यायालयात याचिका आहे एवढे कारण देऊन विभाग "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे" म्हणतो. वादाच्या मुद्द्याला हात न लावता "या कामास न्यायालयाची स्थगिती आहे काय व याचिका दाखल झाल्यानंतर किती रक्कम अदा केली" एवढेच विचारले तर प्रश्न टिकण्याची शक्यता बरीच वाढते.

अधिकाऱ्याच्या वर्तनावर विचारताना

इथे नाव नको, पदनाम द्या : "तत्कालीन उपअभियंता". खासगी आयुष्याला स्पर्श नको, पदावर असताना केलेल्या कृतीपुरतेच राहा. "कोणती कारवाई केली" असे मोघम विचारले की "कारणे दाखवा नोटीस बजावण्यात आली आहे" असे उत्तर येते आणि मामला तिथेच थिजतो. नोटीस ही कारवाई नव्हे. त्याऐवजी विचारा : महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ८ खाली दोषारोपपत्र दिले की नियम १० खाली, आणि कोणत्या दिनांकास ? नियम ८ म्हणजे मोठ्या शिक्षेची चौकशी, नियम १० म्हणजे किरकोळ. गंभीर अपहारात नियम १० लावला असेल तर तेवढे एक उत्तरच बातमी आहे.

पुढे विचारा, चौकशी अधिकारी कधी नेमला आणि संबंधित अधिकारी सेवानिवृत्त कधी होतो. निवृत्तीनंतर चार वर्षांपेक्षा जुन्या घटनेसाठी विभागीय चौकशी नव्याने सुरू करता येत नाही, त्यामुळे फाईल नुसती झोपवून ठेवणे हीसुद्धा एक युक्ती असते. लाचेच्या सापळ्याचे प्रकरण असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा अभियोग मंजुरीचा (खटला भरण्याच्या परवानगीचा) प्रस्ताव कोणत्या दिनांकास मिळाला ते विचारा. त्यावर निर्णयासाठी कायद्याने तीन महिने आणि गरज पडल्यास वर एक महिना दिला आहे, उशीर मग आपोआप मोजता येतो.

तारांकित, अतारांकित की लक्षवेधी

सगळ्यांना तारांकितच हवा असतो, कारण त्यावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात. पण वेळ संपला आणि प्रश्न पुकारला गेला नाही तरी छापील उत्तर मिळतेच, म्हणून मूळ प्रश्नातच सगळे मागून ठेवावे, काही "उपप्रश्नासाठी राखून" ठेवू नये. नुसती लांबलचक आकडेवारी हवी असेल तर अतारांकित, फक्त त्याच्या उत्तराला धीर धरावा लागतो. अधिवेशन चालू असताना पूल खचला तर विधानसभेत नियम १०५ ची लक्षवेधी, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना. मिळालेल्या उत्तरात काही तरी दडले आहे असे वाटले तर नियम ९४ ची अर्धा तास चर्चा, हे हत्यार फार कमी वापरले जाते. औचित्याच्या मुद्द्याने (सभागृहात विषय नुसता मांडून ठेवण्याने) वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, मंत्र्याला लगेच उत्तर द्यावे लागत नाही.

सभागृहात

आमदाराला एका पानाची टिपणी द्या, गठ्ठा देऊ नका. वर दिनांक, मध्ये तीन उपप्रश्न, खाली प्रत्येकाचा पुरावा आणि पान क्रमांक. एका वेळी एकच उपप्रश्न, प्रस्तावनेशिवाय. तीन मिनिटे भाषण झाले की मंत्री त्यातला सोपा तुकडा उचलून उत्तर देतात. "तपासून घेतो", "दालनात बैठक लावतो" हे ऐकू आले की पुढचे वाक्य तयार हवे : "किती दिवसांत, आणि अहवाल पटलावर ठेवणार काय?" माहितीच नसेल तर अध्यक्षांना प्रश्न राखून ठेवण्याची विनंती करता येते, मग तो पुन्हा घ्यावा लागतो.

नेमका प्रश्न कुठवर जातो याचा जुना दाखला लोकसभेतला आहे. आयुर्विमा महामंडळाने उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे शेअर घेतले, त्यात सव्वा कोटीच्या आसपास रुपये गुंतले. १९५७ मध्ये खासदार राम सुभग सिंह आणि फिरोज गांधी यांनी तो व्यवहार लावून धरला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी मुंबईत लोकांसमक्ष झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना पायउतार व्हावे लागले.

प्रश्न विचारण्यासाठी कुणी "खर्च" मागितला तर उठून चालू लागा. याच कारणाने डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली, त्यातले दोघे जळगाव जिल्ह्यातून निवडून आलेले होते.

उत्तर आल्यावर

छापील उत्तर आणि कार्यवाहीतले मंत्र्यांचे तोंडी शब्द दोन्ही मिळवा, कारण आश्वासन बहुधा तोंडी बोलण्यात असते. "विचाराधीन आहे", "माहिती घेत आहोत", "चौकशी करू" या शब्दांखाली रेघ मारा आणि ते (दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणाऱ्या) आश्वासन समितीच्या यादीत चढले का, हे आमदारांच्या पत्राने विचारा. संसदेत अशा आश्वासनाच्या पूर्ततेला तीन महिने असतात. उत्तरातला एखादा आकडा तुमच्या हातातल्या कागदाशी जुळत नसेल तर पत्रकार परिषदेआधी दोन्ही कागद अध्यक्षांकडे द्या. सभागृहाची दिशाभूल हा हक्कभंगाचा विषय होऊ शकतो, आणि ही भीती असल्यामुळेच विभाग पुष्कळदा पुढच्या अधिवेशनात सुधारित उत्तर देतो. पुढच्या अधिवेशनाच्या प्रश्नाची पहिली ओळ मग आपोआप तयार असते : आधीच्या प्रश्नाचा क्रमांक, दिनांक आणि "दिलेल्या उत्तराच्या अनुषंगाने...".